कौटुंबिक हिंसेची प्रकरणे हाताळणाऱ्या ख्रिस्ती समुपदेशकाने मदतीचे जाळे कसे उभारावे

श्रद्धाळू घरात मार सोसणारी स्त्री अनेकदा पोलिसांच्या आधी पाळकाचे, सिस्टरचे नाहीतर मंडळीतल्या समुपदेशकाचे दार वाजवते. तिच्याकडे बऱ्याचदा अर्धा-पाऊण तासच असतो. उपासनेला किंवा प्रार्थनासभेला जाते असे सांगून ती आलेली असते. त्या वेळी निवारागृहाचा नंबर शोधत बसणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. म्हणून या लेखातली बहुतेक कामे पहिली स्त्री दारात येण्याआधी उरकायची आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगभरात १५ ते ४९ वयोगटातल्या, कधी ना कधी जोडीदार असलेल्या सुमारे २७ टक्के स्त्रियांनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. ‘आमच्या मंडळीत असले काही नाही’ असे कुणी म्हणाले तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की तिथे कुणी बोलले नाही. पुरुषही या हिंसेला बळी पडतात. त्यांनाही हीच पद्धत लागू पडते. लेखात ‘ती’ असे लिहिले आहे, कारण गंभीर इजा आणि खून यांचा भार स्त्रियांवर कितीतरी जास्त आहे.

आधी स्वतःची हद्द ठरवा

मदत शोधायला निघण्याआधी आपण काय करणार नाही ते एका पानावर लिहून काढा. हे पान मंडळीच्या पुढाऱ्यांकडून मंजूर करून घ्या, म्हणजे पुढे दबाव आला तर दाखवायला काहीतरी हाती राहते. त्यात निदान चार गोष्टी हव्यात.

पहिली, हिंसा चालू असताना नवरा-बायकोला एकत्र बसवून समुपदेशन करायचे नाही. तो समोर बसलेला असताना ती खरे बोलली, तर त्याची किंमत तिला रात्री घरी मोजावी लागते. खोटे बोलली, तर समुपदेशन खोट्यावर उभे राहते. शिवाय एकत्र बसवण्याचा अर्थच ‘दोघांचेही थोडे चुकते’ असा होतो, आणि मारणाऱ्याला नेमके तेच ऐकायचे असते.

दुसरी, तिने सांगितलेले खरे की खोटे हे ताडून पाहायला नवऱ्याला किंवा सासरी फोन करायचा नाही. ‘दोन्ही बाजू ऐकून घेऊ’ हे न्यायाचे वाटते खरे, पण त्या एका फोनने ती बाहेर बोलली हे घरात कळते.

तिसरी म्हणजे गुप्ततेची मर्यादा. लहान मुलांवरच्या अत्याचाराची माहिती अधिकाऱ्यांना देणे अनेक देशांत कायद्याने बंधनकारक आहे. कुणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तेव्हाचे नियमही जागोजागी वेगळे असतात. आपल्या भागातला नियम वकिलाकडून लेखी समजून घ्या, आणि ही मर्यादा तिला बोलणे सुरू होण्याआधी सांगा. सगळे ऐकून झाल्यावर सांगितली तर तिला विश्वासघात वाटेल. कॅथलिक धर्मगुरूंनी आणखी एक काळजी घ्यावी. पापनिवेदनात ऐकलेले कुणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगता येत नाही. म्हणून तिथे विषय निघाला तर ‘हेच मला बाहेर, वेगळ्या भेटीत सांगाल का?’ असे विचारावे, म्हणजे पुढची मदत करायला हात मोकळे राहतात.

चौथी, तिने राहावे की निघावे हा निर्णय समुपदेशक घेणार नाही. घरात सगळे निर्णय दुसराच घेतो, हेच तर तिचे दुखणे आहे.

संपर्कवही

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या. नुसती नावे आणि नंबर लिहिलेली यादी ऐन वेळी दगा देते. वहीत सात कप्पे करा: चोवीस तास चालणारी मदतवाहिनी, निवारागृह, पोलीस, वकील किंवा मोफत कायदेशीर मदत, दवाखाना, मानसोपचारतज्ज्ञ, आणि मारणाऱ्या पुरुषांसाठीचा सुधार कार्यक्रम. प्रत्येक कप्प्यात दोन तरी पर्याय हवेत. एक जागा भरलेली असते, दुसरी बंद झालेली असते. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल तर ‘नो मोअर’ या संस्थेची जागतिक निर्देशिका इंटरनेटवर पाहा. देशावार मदतवाहिन्या तिथे सापडतात.

नंबर लिहिला की काम झाले असे समजू नका. प्रत्येक ठिकाणी स्वतः फोन करा. रात्रीही करून पाहा. निवारागृहाला विचारायचे प्रश्न असे: मुलगा किती वर्षांचा होईपर्यंत आईसोबत राहू शकतो? (कित्येक निवारागृहे मोठ्या मुलग्यांना घेत नाहीत, आणि ते दारात पोहोचल्यावर कळले तर बाई मुलासकट परत घरी जाते.) किती दिवस ठेवतात? रात्री दाखल करून घेतात का? ओळखीची कागदपत्रे नसतील तर? गरोदर, अपंग किंवा मानसिक आजाराची औषधे चालू असलेली स्त्री चालते का? तिला स्वतःच फोन करावा लागतो की समुपदेशकाच्या सांगण्यावरून जागा राखून ठेवतात? बायबल जवळ ठेवायला, प्रार्थनेला जायला मोकळीक आहे का?

उत्तर देणाऱ्या व्यक्तीचे नाव, पद आणि आपण फोन केला ती तारीख वहीत लिहा. शक्य असेल तर एकदा समक्ष भेटून या. ‘तिथे फोन करा’ आणि ‘तिथल्या बाईंना मी भेटले आहे, मी इथूनच लावून देते, तुम्ही बोला’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दर तीन महिन्यांनी सगळे नंबर पुन्हा तपासा. माणसे बदलतात आणि जुना नंबर भलत्याच कुणाकडे गेलेला असतो.

या संस्था बहुतेक ख्रिस्ती नसतील, आणि तिथे काही समुपदेशक अडखळतात. आपली बाई परक्यांच्या हाती जाईल, ते तिला थेट घटस्फोटाला लावतील अशी धास्ती असते. उलट बाजूलाही धास्ती असते, की चर्चवाले तिला समजावून परत पाठवतील. ही धास्ती निराधार म्हणता येत नाही. पहिल्या भेटीत स्वतःहून सांगा: ‘आम्ही तिला घरी परत जायला भाग पाडत नाही. श्रद्धेच्या बाजूने ती अडकली असेल तर तेवढे आमच्यावर सोपवा.’ बायबल जाणणारे आणि हिंसेकडे डोळेझाक न करणारे माणूस या संस्थांनाही हवेच असते. असे संबंध जुळले की मदत दोन्ही बाजूंनी सुरू होते.

शिकायचे कुठे आणि काय

चांगले मन प्रशिक्षणाची जागा भरून काढत नाही. तीन साधने आधी आत्मसात करा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये आरोग्यसेवकांसाठी काढलेली पुस्तिका मोफत मिळते. तिच्यात पहिल्या आधाराची पाच कामे दिली आहेत: ऐकणे, गरज विचारणे, तिच्यावर विश्वास आहे हे शब्दांत सांगणे, सुरक्षितता वाढवणे आणि पुढच्या मदतीशी जोडून देणे. डॉक्टर-नर्ससाठी लिहिलेली असली तरी पाळकाच्या खोलीतही ती जशीच्या तशी उपयोगी पडते.

दुसरे साधन म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहरात १९८४ मध्ये तयार झालेले ‘सत्ता आणि नियंत्रण’ हे चक्र. मार हा वर दिसणारा भाग असतो. आत धमक्या, एकटे पाडणे, पैसे रोखून धरणे, मुलांचा वापर, ‘तसे काही घडलेच नाही’ म्हणणे या गोष्टी चालू असतात. ख्रिस्ती घरात या चक्राला आणखी एक आरा असतो. वचनांचा वापर, उपासनेला जाण्यावर बंदी, ‘तू अधीन राहत नाहीस म्हणून देव मला राग देतो’ असली वाक्ये त्यात येतात. चक्र तिच्यासमोर ठेवले की पुष्कळ स्त्रिया बोटाने एकेक खाना दाखवू लागतात. त्या क्षणी घाई करू नका. तिला सगळे खाने दाखवू द्या.

तिसरे साधन धोका मोजण्याचे. जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधक बाईंनी १९८५ मध्ये ते विकसित केले. आज त्यात वीस प्रश्न आहेत आणि सोबत गेल्या वर्षाचे कॅलेंडर भरायचे असते. ते भरताना ‘कधीतरी होते’ म्हणणारीलाच दिसते, की दोन प्रसंगांमधले अंतर महिन्यांवरून आठवड्यांवर आले आहे.

ख्रिस्ती दृष्टीतून प्रशिक्षण देणाऱ्यांमध्ये १९७७ मध्ये सिएटलमध्ये मेरी फॉर्च्युन यांनी सुरू केलेली फेथट्रस्ट इन्स्टिट्यूट, ब्रिटनमध्ये चर्चबरोबर काम करणारी रिस्टोर्ड, अमेरिकेतली कॉल्ड टू पीस मिनिस्ट्रीज आणि कॅनडात नॅन्सी नेसन-क्लार्क यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला रेव्ह प्रकल्प ही नावे माहीत असावीत. कोणतेही प्रशिक्षण किंवा साहित्य निवडताना एकच कसोटी लावा. त्यात ‘सुरक्षितता आधी, समेटाचा विचार नंतर’ हे स्पष्ट लिहिलेले आहे का? पत्नीने अधिक प्रार्थना केली, अधिक नम्र झाली, की पती बदलेल असे सुचवणारे साहित्य कितीही भक्तिपूर्ण असो, ते कपाटातून काढून टाका.

पहिली भेट

बसण्याची जागा अशी हवी की आवाज बाहेर जाणार नाही आणि ती दारातून येताना कुणाला दिसणार नाही. तिचा फोन खोलीबाहेर ठेवायला सांगणे चांगले, पण त्याने अचानक फोन केला आणि तिने उचलला नाही तर काय होईल, हे आधी तिलाच विचारा.

सुरुवात आडवळणाने करू नका. ‘घरी कसे चाललेय?’ याला ‘बरे आहे’ एवढेच उत्तर येते. ‘ताई, घरी कुणी तुम्हाला मारतं का, धमकावतं का? त्यांची भीती वाटते का?’ असे सरळ विचारा. ती सांगू लागली की तीन वाक्ये पुरे: ‘तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. माझा तुमच्यावर विश्वास आहे. यात तुमचा दोष नाही.’ आणि त्यानंतर: ‘आज इथून घरी जाणं तुम्हाला सुरक्षित वाटतं का?’

‘नाही’ म्हणाली तर बाकी सगळे बाजूला ठेवून वही उघडा.

काही गोष्टी ऐकल्या की धोका वरच्या पातळीचा समजायचा: गळा दाबणे, जिवे मारण्याची धमकी, हत्यार, गरोदरपणात मारहाण, बळजबरीचा संबंध, पाठलाग, ‘तू गेलीस तर मी जीव देईन’ अशी भाषा, आणि तिने नुकतेच वेगळे होण्याचे ठरवलेले असणे. निघण्याचा काळ हाच सर्वांत धोक्याचा असतो. तेव्हा ‘मग सोडून का जात नाहीस?’ हा प्रश्न विचारायचा नाही.

गळा दाबण्याविषयी थोडे अधिक, कारण इथे फार चुका होतात. पूर्वी ज्या स्त्रीचा जोडीदाराने गळा दाबला आहे, तिचा त्याच्या हातून खून होण्याचा धोका इतर पीडित स्त्रियांपेक्षा सातपटीहून अधिक असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधनात आढळले. गळ्यावर वळ दिसतीलच असे नाही. पोलिसांकडे नोंदल्या गेलेल्या अशा तीनशे प्रकरणांच्या एका अभ्यासात निम्म्यांत बाहेरून काहीच दिसत नव्हते. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत लाल ठिपके, क्षणभर शुद्ध जाणे, कपड्यात लघवी होणे यातले काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर पक्षाघाताचा झटका काही तासांनी, काही दिवसांनीही येऊ शकतो.

ती घरी परतणार असेल तर सुरक्षिततेची आखणी तिच्या तोंडून येऊ द्या. भांडण पेटले तर कोणत्या खोलीतून बाहेर पडता येते, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर कसे टाळायचे, कोणता शब्द उच्चारला की मुलांनी शेजारी धाव घ्यायची, हे सगळे ठरवा. ओळखपत्रे, विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आठवडाभराची औषधे, थोडी रोकड आणि जादा किल्ली अशी पिशवी विश्वासातल्या माणसाकडे ठेवावी. घरात ठेवली आणि सापडली, तर तीच निमित्त ठरते. मूळ कागद हलवणे धोक्याचे असेल तर आधी फक्त प्रती काढा.

छापील पत्रक तिच्या पर्समध्ये देऊ नका. नंबर पाठ करून घ्या किंवा दुसऱ्या साध्या नावाखाली जतन करा. फोनवर पाळत असल्याचा संशय आला तर पाळतीचे ॲप लगेच काढून टाकू नका, त्याला कळेल. महत्त्वाचे फोन दुसऱ्याच्या फोनवरून करायचे.

नोंदी थोडक्यात आणि नेमक्या ठेवा: तारीख, तिचे शब्द अवतरणात, डोळ्यांना दिसलेली इजा शरीराच्या कोणत्या भागावर आणि किती मोठी. आपले तर्क लिहू नका. ही कागदपत्रे उद्या न्यायालयात मागवली जाऊ शकतात. मंडळीच्या सामायिक कपाटात किंवा संगणकात ती ठेवायची नाहीत.

वचनांची शिदोरी

वकील आणि डॉक्टर जे देऊ शकत नाहीत ते इथे द्यायचे असते. ती मनातून बांधली गेलेली असते ती बहुतेक चार-पाच वचनांनीच. तेव्हा तीच वचने पूर्ण संदर्भासह हाताशी ठेवा.

अधीनतेविषयी इफिस ५:२२ सांगितले जाते. त्याच्या आधी २१ वे वचन एकमेकांच्या अधीन राहायला सांगते, आणि २५ ते २९ मध्ये पतीवर स्वतःच्या शरीरासारखी पत्नीची जोपासना करण्याची जबाबदारी आहे. मलाखी २:१६ मधला घटस्फोटाचा तिटकारा सगळ्यांना पाठ असतो. त्याच वचनाच्या पुढच्या भागात जुलमाचाही तितकाच धिक्कार आहे, तो मात्र कुणी वाचून दाखवत नाही. १ पेत्र ३:७ नुसार पत्नीचा मान न राखणाऱ्याच्या प्रार्थनांना अडथळा येतो. मत्तय १८ च्या आधारे ‘आधी एकांतात त्याला त्याचा अपराध दाखव’ असे सांगून तिला एकटीला पाठवणे तर जिवावर बेतू शकते.

क्षमेचा प्रश्न सगळ्यात अवघड. इथे १ शमुवेलाचा २६ वा अध्याय वाचा. दावीद आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला मारत नाही, फक्त त्याचा भाला उचलून नेतो. शौल चूक कबूल करून म्हणतो, माझ्या मुला, परत ये. दावीद भाला परत देतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. तो सूड घेत नाही आणि परतही जात नाही. हा अध्याय तिला स्वतःला वाचू द्या, अर्थ सांगण्याची घाई करू नका. पळून जाणे हा अविश्वास वाटत असेल तर प्रेषितांची कृत्ये ९:२५ मध्ये पौल पाटीत बसून भिंतीवरून खाली उतरतो. कायद्याकडे जाणे पाप वाटत असेल तर २२:२५ मध्ये तोच पौल फटके बसण्याआधी आपले रोमी नागरिकत्व पुढे करतो.

कॅथलिक स्त्रीला चर्चचे अधिकृत म्हणणेही दाखवा. चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेतला ११५३ वा नियम शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असताना वेगळे होण्यास न्याय्य कारण मानतो. एरवी बिशपांचा निर्णय लागतो, पण उशिरात धोका असेल तर तिला स्वतःच्या अधिकाराने वेगळे होता येते. पोप फ्रान्सिस यांच्या कुटुंबविषयक २०१६ च्या पत्रातला २४१ वा परिच्छेद अशा वेळी वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही असू शकते असे म्हणतो. प्रॉटेस्टंट बाजूला अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चने (पीसीए) २०२२ मध्ये समितीचा सविस्तर अहवाल काढला आहे. आपल्या संप्रदायाचे असे काही निवेदन आहे का, ते शोधून त्याच्या प्रती काढून ठेवा. पंचांसमोर बसताना समुपदेशकाच्या मतापेक्षा त्या कागदाला वजन असते.

तो रडत आला तर

तो येतोच. बायको निघून गेली की पहिल्या आठवड्यात पुढच्या बाकावर बसून तो अश्रू ढाळतो, साक्ष देतो, आणि मंडळी विरघळते. त्याच्यासाठी वेगळा समुपदेशक हवा. एकाच माणसाने दोघांना भेटू नये. त्याला रागावर ताबा मिळवण्याच्या वर्गाला पाठवण्याचीही चूक होते. वरिष्ठांसमोर त्याचा राग ताब्यातच असतो, घरीच तो सुटतो. हा हक्क गाजवण्याचा प्रश्न आहे. मारणाऱ्यांसाठीचे खास कार्यक्रम अनेक ठिकाणी २६ ते ५२ आठवड्यांचे असतात. दारूचे व्यसन असेल तर त्याचे उपचार वेगळे, पण दारू सुटली म्हणजे मारणे सुटले असे धरून चालू नका.

पश्चात्ताप ओळखायला लूक ३:८ मधले ‘फळ’, म्हणजे वागण्यात दिसणारा बदल, बघा. ‘पण तीही…’ न जोडता तो केलेले कबूल करतो का? तिने भेट नाकारली तर निमूट ऐकतो का? खर्चाचे पैसे वेळेवर देतो का? मुलांकरवी निरोप पाठवणे थांबले का? लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने येशूसमोर चौपट परत देण्याची भाषा केली होती, क्षमेची मागणी केली नव्हती. आणि बदल झाला की नाही हे सांगण्याचा पहिला हक्क तिचा.

मंडळीची आणि स्वतःची तयारी

पुढाऱ्यांकडून आधीच तीन गोष्टी मिळवा: तातडीच्या प्रवासासाठी आणि काही रात्रींच्या निवाऱ्यासाठी वेगळा निधी, तो नावे उघड न करता खर्च करण्याची मुभा, आणि दोघेही एकाच मंडळीत असतील तर उपासनेला कोण दुसरीकडे जाईल याचा नियम. नियम नसला की नेहमी तीच बाहेर पडते. प्रार्थनेच्या विनंत्यांत तिचे नाव येणार नाही, याचीही हमी घ्या. अमक्या भगिनीच्या घरासाठी प्रार्थना करू या, एवढ्यानेही गुपित फुटते.

स्वतःसाठी मंडळीबाहेरचा अनुभवी पर्यवेक्षक शोधा. महिन्यातून निदान एकदा त्याच्याकडे नाव न घेता प्रकरणे मांडा. झोप उडणे, घरच्यांवर चिडणे, तिच्या फोनची भीती वाटणे ही दुय्यम आघाताची, म्हणजे दुसऱ्याचे दुःख ऐकून आपल्यालाही बसणाऱ्या आघाताची, लक्षणे आहेत. प्रोक्वॉल नावाची तीस प्रश्नांची मोफत प्रश्नावली दर सहा महिन्यांनी भरली तर थकवा आणि आघात वेगवेगळे दिसतात. आपण रजेवर असताना वही कुणाकडे राहील आणि फोन कोण उचलेल, ते नाव वहीच्या पहिल्याच पानावर लिहा. त्या व्यक्तीलाही एकदा निवारागृहात सोबत नेऊन तिथल्या लोकांशी ओळख करून द्या.